सोफ्यावरची प्लास्टिक सर्जरी

"इतका वाईट आहे ना, की मजा येते" असं कुणी एखाद्या सिनेमाबद्दल म्हटलं की मला ते अर्धवट वाटतं. वाईट सिनेमे ढिगाने आहेत आणि त्यातले बहुतेक नुसते कंटाळवाणे असतात, पंधरा मिनिटांत हात आपोआप मोबाईलकडे जातो. पण काही मोजके सिनेमे असे असतात की डोळ्यांसमोर सीनवर सीन पडतायत, डायलॉग पडतायत आणि तरी उठवत नाही, उलट पुढे काय होतंय याची खरीखुरी उत्सुकता लागून राहते. एड वूड नावाच्या दिग्दर्शकाचा 'जेल बेट' (Jail Bait) त्यातला. १९५४ चा, ब्लॅक अँड व्हाईट, सव्वा तासाच्या आत संपणारा अमेरिकन क्राइम थ्रिलर. मला तो मनापासून आवडतो आणि का आवडतो हे एकदा नीट लिहून काढायचं बरेच दिवस डोक्यात होतं.

(पुढे शेवटासकट सगळी गोष्ट सांगणारे. ती सांगितल्याशिवाय मला जे म्हणायचंय ते म्हणताच येणार नाही.)

आधी मी कुठून बोलतोय ते सांगतो. मी एकांकिकांना म्युझिक ऑपरेट करतो. पोटापाण्याची नोकरी वेगळी, पण संध्याकाळी सदाशिव पेठेतल्या आमच्या तालमीच्या हॉलवर. पावसाळा आला की पुण्यात पुरुषोत्तम करंडकाचे, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेचे, वारे वाहायला लागतात, कॉलेजची पोरं रात्री उशिरापर्यंत तालमी करत असतात, भरत नाट्य मंदिराच्या बाहेर घोषणा ऐकू यायला लागतात, आणि आमच्यासारखी कॉलेज कधीच सुटलेली माणसंही त्या दिवसांत घरी फारशी सापडत नाहीत. तालीम संपली आणि बाहेर पाऊस कोसळत असला की हॉलवर कुणीतरी प्रोजेक्टर लावतं, भिंतीवर सिनेमा सुरू होतो, कोपऱ्यावरून भजी येतात. 'जेल बेट' मी तिथेच लावला, यूट्यूबवर सहज मिळतो. बघायला आमचे लाईटवाले काका होते, नाटकात आईच्या भूमिका करणाऱ्या मावशी होत्या आणि कॉलेजची चार-पाच पोरं होती.

पुण्यात चांगला सिनेमा म्हणजे काय हे शिकायला मिळतं, ते मला फार मोलाचं वाटतं. प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून इथे आली, त्याच स्टुडिओच्या जागेवर १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली, १९६४ मध्ये जुने सिनेमे जपून ठेवणारं फिल्म अर्काइव्ह आलं. लॉ कॉलेज रोडच्या आसपास चहा पिता पिता सिनेमाबद्दल जे कानावर पडतं ते बाकी कुठल्या शहरात पडत असेल असं मला वाटत नाही. आणि एकदा का कान आणि डोळा असा तयार झाला ना, की वाईट सिनेमासुद्धा जास्त लक्ष देऊन बघता येतो, म्हणजे नक्की काय मोडलंय आणि काय शाबूत आहे हे दिसायला लागतं.

तर गोष्ट. डॉक्टर बोरिस ग्रेगर हे नावाजलेले प्लास्टिक सर्जन. त्यांचा मुलगा डॉन वाईट संगतीला लागलाय, व्हिक ब्रेडी नावाच्या गुंडाच्या. सुरुवातीलाच डॉन बंदूक बाळगल्याबद्दल पोलिसांच्या तावडीत सापडतो आणि बहीण मॅरिलिन त्याला सोडवून आणते. बंदूक जवळ ठेवणं धोक्याचं असतं असं डॉनला ऐकवलं जातं, तर तो म्हणतो, उंच इमारत बांधणंही धोक्याचंच असतं की. आता हा डायलॉग ऐकून आमच्या हॉलवर पहिला हशा पिकला, आणि बरोबरच आहे, असं उत्तर जगात कुठला गुन्हेगार देईल! पण ते पोरगं ते वाक्य ज्या गंभीर चेहऱ्याने म्हणतं ना, जणू आयुष्यभर या एका प्रश्नावर विचार करून ठेवलाय, त्याने ते वाक्य कायमचं डोक्यात बसतं. डॉनचं काम करणारा क्लॅन्सी मलोन म्हणे वूडच्या घरी किराणा पोचवायला यायचा. घराच्या दारात सामान घेऊन आलेल्या पोराला उचलून थ्रिलरच्या मध्यभागी उभं केलंय. हौशी नाटकात हे आम्ही सगळ्यांनी पाहिलंय, ऐन वेळी एक पात्र गळतं आणि मग सेट लावायला आलेला मित्र इन्स्पेक्टर होतो.

व्हिक आणि डॉन एका थिएटरवर रात्री दरोडा घालतात. डॉनच्या हातून तिथला म्हातारा वॉचमन मरतो, तिथे काम करणाऱ्या मिस विलिसला व्हिकची गोळी लागते पण ती वाचते. म्हणजे साक्षीदार शिल्लक. डॉन बापाकडे येऊन सगळं कबूल करतो आणि पोलिसांना शरण जायचं कबूल करतो, पण त्याआधीच व्हिक त्याला गाठतो आणि मारून टाकतो. मग व्हिक डॉक्टरांना बोलावतो, मुलगा माझ्या ताब्यात आहे, तो जिवंत हवा असेल तर माझा चेहरा बदलून द्या. ऑपरेशन कुठे, तर घरात, सोफ्यावर! आणि मुलाचं प्रेत कुठे, तर शेजारच्या स्वयंपाकघरात, पडद्याआड उभं करून ठेवलेलं. डॉक्टर स्वयंपाकघरात जातात आणि त्यांना ते सापडतं.

इथे थोडं थांबतो, कारण आम्ही पण इथे थांबलो होतो.

ह्या क्षणापर्यंत सगळे हसत होते. मागे सतत एक स्पॅनिश ढंगाची गिटार वाजत असते, मध्ये मध्ये पियानो, आणि ती कुणाचं काही ऐकून घेत नाही. बाप-लेकीचं बोलणं चाललंय, गिटार. पोलीस चौकशी करतायत, गिटार. माणूस नुसता दार उघडून आत आला तरी गिटार. मी म्युझिकचा माणूस असल्यामुळे मला तर हे सहनच होत नव्हतं आणि सोडवतही नव्हतं. आमच्यातल्या एका पोरीने विचारलं, "दादा, हे दुसऱ्याच सिनेमाचं म्युझिक चुकून लागलंय का?" आणि तिचं खरंच होतं! हे संगीत आदल्या वर्षीच्या, म्हणजे १९५३ च्या, 'मेसा ऑफ लॉस्ट विमेन' नावाच्या सिनेमातून जसंच्या तसं आणलेलं आहे. तो सिनेमा मेक्सिकोच्या वाळवंटातला, वेडा शास्त्रज्ञ, कोळी, असला. तिथली वाळवंटाची गिटार उचलून इथे शहरातल्या पोलीस स्टेशनवर चढवलीये. संगीतकार हॉइट कर्टिन. ह्याच माणसाने पुढे 'फ्लिंटस्टोन्स'चं संगीत केलं, ते कार्टून नेटवर्कवर शाळेतून आल्या आल्या लावायचो ते! हे कळल्यावर पोरांना झालेला आनंद मी विसरणार नाही, सगळ्यांनी एकदम ते टायटल साँग सुरू केलं.

पण मला त्यातलं महत्त्वाचं वेगळंच वाटतं. म्युझिक ऑपरेट करणाऱ्याचं निम्मं काम म्हणजे कुठे वाजवायचं नाही हे ठरवणं. बाप मेलेल्या मुलासमोर उभा राहतो तिथे काहीही वाजवायची गरज नसते, नट बघून घेतो. चांगल्या सिनेमात ही शांतता आपल्या लक्षातही येत नाही कारण ती बरोबर जागी असते. 'जेल बेट'मध्ये ती नाही, म्हणून ती कुठे कुठे हवी होती हे सिनेमाभर बोट ठेवून दाखवता येतं. नव्या पोरांना मी दहा वेळा सांगून जे पटत नाही ते ह्या एका सिनेमाने पटतं.

आणि मग बापाचं काम करणारा नट. हर्बर्ट रॉलिन्सन. हा १८८५ मध्ये इंग्लंडात जन्मलेला, मूकपटांच्या काळातला हिरो. आधी ही भूमिका 'ड्रॅक्युला' म्हणून गाजलेल्या बेला लुगोसीला द्यायची होती असं सांगतात, ते जमलं नाही आणि ती रॉलिन्सनकडे आली. त्याला दिलेले डायलॉग काय आहेत बघा, एवढा मोठा सर्जन लेकीला सांगतो की प्लास्टिक सर्जरी मला कधीकधी फार, फार गुंतागुंतीची वाटते! दुसरा कुठलाही नट ह्या वाक्यावर घसरला असता. रॉलिन्सन ते असं म्हणतो की दिवसभराचं काम करून थकलेला डॉक्टर समोर बसलाय. पोरं हसली, पण मावशी हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अरे, ह्यांना धाप लागतीये बघ. अभिनय नाहीये हा, खरी धाप आहे." मावशींनी इतकी वर्षं रंगमंचावर काढलीयेत, श्वास कुठे तुटतो ते त्यांना बरोबर कळतं. त्याला फुप्फुसाचा कॅन्सर होता. जुलै १९५३ मध्ये तो गेला, सिनेमा लागला १९५४ मध्ये. हे त्याचं शेवटचं काम. हे मी सांगितल्यावर काकांनी सिनेमा मागे घ्यायला लावला आणि तो सीन आम्ही पुन्हा बघितला, ह्या वेळी सगळे गप्प. वाक्य तेच, विचित्रच. पण एक माणूस श्वास पुरवून पुरवून ते शेवटपर्यंत नेतोय, एक शब्दही टाकत नाही. मला विचाराल तर ह्या एका कामासाठी तरी हा सिनेमा कुणी फेकून देऊ नये.

बाकी मंडळीही बघण्यासारखी आहेत. इन्स्पेक्टर झालेला लायल टॅल्बट म्हणजे पडद्यावरचा पहिला लेक्स लुथर, सुपरमॅनचा कट्टर शत्रू, १९५० च्या सुपरमॅनच्या सीरियलमधला. त्याच्या आदल्या वर्षी बॅटमॅनच्या सीरियलमध्ये कमिशनर गॉर्डनही तोच. त्याचा हाताखालचा तरुण पोलीस म्हणजे स्टीव्ह रीव्हज, शरीरसौष्ठव स्पर्धेतला १९४७ चा मिस्टर अमेरिका, जो पुढे १९५८ मध्ये हर्क्युलिस होऊन जगभर गाजला. आता एवढं शरीर सेटवर आलंय म्हटल्यावर वूडला राहवेना, म्हणून पोलीस स्टेशनमध्ये तो उघड्या अंगाने शर्ट चढवताना दिसतो, गोष्टीला त्याची काडीची गरज नसताना. बहीण झालेली डोलोरेस फुलर पुढे एल्विस प्रेस्लीसाठी गाणी लिहायला लागली. आणि गुंड व्हिक झालेला टिमथी फॅरल खऱ्या आयुष्यात कोर्टात बेलिफ, म्हणजे कोर्टाची व्यवस्था बघणारा कर्मचारी, होता, पुढे लॉस एंजेलिस काउंटीचा मार्शल झाला. म्हणजे दिवसा कायद्याची नोकरी आणि सुट्टीत पडद्यावर खून. नोकरी सांभाळून नाटक करणाऱ्या कुणालाही हे वाचून बरं वाटेल.

सिनेमात एक तुकडा मात्र मी दर वेळी पुढे ढकलतो. दरोड्याच्या आधी थिएटरवर कार्यक्रम चालू आहे असं दाखवायला १९५१ च्या दुसऱ्याच एका सिनेमातला भाग चिकटवलाय, त्यात गोरा नट तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करतो. त्यात मजा काहीच नाही, ते ओंगळ आहे, आणि वेळ भरून काढायला ते घातलंय हे उघड दिसतं. सिनेमा आवडतो म्हणून त्याचं सगळंच आवडून घ्यावं असं नसतं.

आता शेवट. डॉक्टर ऑपरेशन करतात. मुलाचं प्रेत बघून आल्यावर करतात. काही दिवसांनी पट्ट्या काढायचा दिवस येतो, डॉक्टर मुद्दाम पोलिसांनाही घरी बोलावून ठेवतात. व्हिक खुशीत, नवा चेहरा, नवं आयुष्य. एकेक वेढा सुटत जातो आणि आतून चेहरा बाहेर येतो तो डॉनचा. बापाने खुन्याला आपल्या मेलेल्या मुलाचा चेहरा दिलाय. आणि डॉन तर वॉचमनच्या खुनासाठी पोलिसांना हवाय! व्हिक ओरडून सांगतो की मी तो नाही, पण ऐकणार कोण, आरशात सुद्धा डॉनच. तो पळतो, पोलीस गोळ्या घालतात, प्रेत पोहण्याच्या टाकीत.

हे बघून आमच्या हॉलवर जी शांतता झाली ती मी फार थोड्या चांगल्या सिनेमांना झालेली पाहिलीये. काका एवढंच म्हणाले, "च्यायला. गोष्ट पक्की आहे रे."

तेच मला म्हणायचंय. गोष्ट पक्की आहे, एकदम अस्सल. नुसता बदला नाही, ह्यात बापाला आपल्याच हातांनी तो चेहरा पुन्हा घडवावा लागला, आठवून आठवून, आणि मग तोच चेहरा गोळ्या खाऊन पडताना उभ्याने बघावा लागला. ह्या कल्पनेसाठी मोठमोठे लेखक हात चोळत बसले असते. सिनेमाचं आधीचं नावसुद्धा 'द हिडन फेस' असं होतं, म्हणजे सगळी नजर ह्या एका क्षणावरच होती. आणि तिथपर्यंत पोचायला हाताशी काय, तर थोडेसे पैसे, उसनी गिटार, किराणावाला पोरगा, एक सोफा आणि एक पडदा. हात तोकडे आणि झेप मोठी, आणि ह्या दोन्हीमधलं अंतर सव्वा तास आपल्याला उघड दिसत राहतं. हसू त्या अंतराचं येतं. पण ते हसू टिकतं, कंटाळ्यात जात नाही, कारण गोष्ट आतून ओढत असते. हल्ली मुद्दाम वाईट बनवलेल्या गोष्टी निघतात, बघा आम्ही किती फालतू करतोय असं डोळा मारत केलेल्या. त्या मला पाच मिनिटं बघवत नाहीत. 'जेल बेट'मध्ये एकही माणूस डोळा मारत नाही. सगळे जीव तोडून काम करतायत.

वैद्यकशास्त्राच्या बाजूने तर ह्या सिनेमाला अर्थच नाही हे सांगायला डॉक्टर नको. एका माणसाच्या तोंडावर दुसऱ्याचा हुबेहूब चेहरा, तोही सोफ्यावर! चेहऱ्याच्या काही भागाचं पहिलं प्रत्यारोपण फ्रान्समध्ये २००५ ला झालं, त्याच्यामागे किती तयारी आणि किती माणसं होती. पण सर्जरीचा विषय निघाला की मला आपल्याच पुण्याची गोष्ट आठवते आणि ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. टिपूबरोबरच्या १७९२ च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा माणूस टिपूच्या हाती सापडला, त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका कुंभाराने त्याला नाक करून दिलं. आधी मेणाचं नाक बनवून बसवून बघितलं, मग ते मेण कपाळावर सपाट करून त्याभोवती रेघ आखली, तेवढी कातडी सोडवली, दोन डोळ्यांच्या मध्ये एक पट्टी जोडलेली ठेवली म्हणजे रक्त मिळत राहील, आणि ती कातडी खाली वळवून नाकाच्या जागी बसवली. ती पट्टी साधारण पंचविसाव्या दिवशी कापायची. इंग्रज डॉक्टरांनी हे डोळ्यांनी बघितलं, १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासकट छापून आलं, आणि ते वाचून जोसेफ कार्प्यू नावाच्या सर्जनने १८१४ मध्ये लंडनमध्ये तसंच ऑपरेशन करून दाखवलं. तिथून युरोपात ही विद्या पसरली. हे मी त्या रात्री हॉलवर सांगितलं तेव्हा काका म्हणाले, म्हणजे ग्रेगर डॉक्टरांचे गुरुजी आपल्या पुण्याचे की! मला ते फार आवडलं.

एड वूडबद्दल दोन शब्द. १९२४ चा जन्म, १९७८ च्या डिसेंबरात गेला, शेवटची वर्षं फार हलाखीत गेली. मेल्यावर दोन वर्षांनी, १९८० मध्ये, एका पुस्तकाने त्याला आजवरचा सगळ्यात वाईट दिग्दर्शक ठरवलं आणि त्यामुळेच तो प्रसिद्ध झाला. १९९४ मध्ये टिम बर्टनने त्याच्यावर सिनेमा केला, त्यात लुगोसी झालेल्या मार्टिन लँडाऊला ऑस्कर मिळालं. सगळ्यात वाईट हा शिक्का मला अजिबात मान्य नाही. ज्याच्याकडे सांगायला काहीच नसतं तो वाईट दिग्दर्शक. ह्याच्याकडे होतं, ते सांगायचं कसं हे जमत नव्हतं, पैसे नव्हते, आणि तरी तो थांबला नाही.

त्या रात्रीनंतर आमच्या ग्रुपमध्ये एक खूळ शिरलंय, ह्या कल्पनेवरून स्वतःची एकांकिका लिहायचं. पुण्यातला सर्जन, मुलगा, गुंड, एवढंच घेऊन बाकी सगळं आपलं. चेहरा बदलणं रंगमंचावर तर सिनेमापेक्षा सोपं आहे, ब्लॅकआऊटमध्ये पट्ट्यांखाली नट बदलला की झालं, सोडताना मुलगाच बाहेर येणार. काकांनी त्या जागेसाठी एकच स्पॉट ठरवून टाकलाय. माझं म्हणणं तिथे म्युझिक शून्य, फक्त पट्टी सुटल्याचा आवाज यावा, आणि हॉलमध्ये तो मागच्या रांगेपर्यंत पोचेल की नाही याची मी तालमीत खात्री करून घेणारे. अडलंय ते एकाच ठिकाणी. बापाला मुलाचं प्रेत सापडतं हे प्रेक्षकांना दाखवायचं की नाही? पोरांचं म्हणणं, नाही, शेवटी धक्का बसला पाहिजे. मावशी म्हणतात, दाखवा. प्रेत बघून आलेला बाप हात धुतो आणि पुन्हा ऑपरेशनला उभा राहतो, हे प्रेक्षकाला माहीत असलं तर पुढची पंधरा मिनिटं तो श्वास रोखून त्या हातांकडे बघत बसेल, धक्क्याचं काय घेऊन बसलात. मी मावशींच्या बाजूने आहे. वूडनेही दाखवलंय. गुरुवारच्या तालमीत दोन्ही पद्धतीने करून बघायचं ठरलंय.